तिपाईशिवाय वऱ्हाडात

वऱ्हाडात मी गेली तेहतीस वर्षं जातो आहे, पण जावई म्हणून. जावई म्हणून गेलेल्या माणसाला गाव फारसं दिसत नाही. त्याला ताट दिसतं, आग्रह दिसतो आणि दुपारी झोपायची खोली दिसते. या डिसेंबरात मात्र मी अमरावतीचे आणि अकोल्याचे रस्ते बघायला गेलो, तेही अडीच किलोचा कॅमेरा हातात धरून. परत आल्यावर भेटेल त्याला सांगत सुटलो, तेव्हा शैला, म्हणजे माझी बायको, म्हणाली की सांगून सांगून घसा बसेल, एकदाचं लिहून काढा.

कॅमेऱ्याचं आधी सांगतो. मी पुण्यातल्या एका छापखान्यात तीस वर्षं प्रोसेस कॅमेऱ्यावर, म्हणजे छापायच्या पानांचे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यावर, काम केलं. तो कॅमेरा खोलीएवढा, रुळांवर बसवलेला. तो कुठे जात नसे, जगानेच त्याच्यापुढे येऊन टांगून घ्यायचं. निवृत्त झालो तेव्हा मनात आलं की आता एखादा कॅमेरा आपण बाहेर फिरवून आणावा. जुने वर्तमानपत्रवाले वापरत तसला एक मिळवला. पत्र्याची पेटी, पुढे चामड्याचा भाता, डाव्या हातासाठी पट्टा. त्यात रोल नसतो, साधारण पोस्टकार्डाएवढी फिल्मची सुटी शीट असते. एका चपट्या होल्डरमध्ये अशी दोन शीट, एकेका बाजूला एक. फोटो काढायचा तर होल्डर कॅमेऱ्याच्या पाठीत खुपसायचा, शीटवरची सरकती पट्टी उपसायची, बटण दाबायचं, पट्टी पुन्हा घालायची. एवढं होईस्तोवर मोबाइलवाला चाळीस फोटो काढून जेवायला बसलेला असतो.

लोक असे कॅमेरे तिपाईवर लावतात. मला तिपाई नको होती. तिपाई उभी केली की रस्ता तुमच्याभोवती गोळा होऊन तमाशा बघतो, आणि कॅमेरा हातात असला तर तुम्हीही रस्त्यातलेच एक असता. शिवाय या कॅमेऱ्याच्या बाजूला एक इवलीशी खिडकी आहे, तिच्यातून बघण्याची मला नशाच लागली आहे. समोरचा एक माणूस तिच्यात दोन दिसतो. एक खरा, आणि दुसरा त्याच्यातून निसटून बाजूला उभा राहिलेला, जरा फिकट. फोकसचं चाक फिरवत गेलं की निसटलेला माणूस हळूहळू परत येतो आणि आपल्या जागी उभा राहतो. दोघे एक झाले की बटण दाबायचं. दिवसभर हेच केलं की कॅमेरा खाली ठेवल्यावरही माणसं जरा बाजूला सरकलेलीच दिसत राहतात.

अडचण एवढीच की गेल्या वर्षापासून माझा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, कंपवात नाही, नुसता कंप आहे. गोळ्या घ्या आणि सवय करा. सवय मला झाली, फोटोंना होईना. दोन महिन्यांत एकही फोटो न हललेला निघाला नाही. शैला म्हणाली, तिपाई घ्या. मी म्हणालो, मेलो तरी घेणार नाही. मी तिरसट आहे असं तिचं मत आहे आणि ते मी खोडून काढत नाही. बरीच वादावादी होऊन ठरलं ते असं: मी बारा शीट घेऊन वऱ्हाडात जायचं. तिथलं हिवाळ्यातलं ऊन कडक आणि स्वच्छ, पुण्याच्या पेठांतल्या गल्ल्यांत असा उजेड मिळत नाही. बारांपैकी एक जरी फोटो तिपाईशिवाय न हलता आला तर शैला पुन्हा तिपाईचं नाव काढणार नाही. एकही आला नाही तर कॅमेरा कोथरूडच्या एका गृहस्थांकडे जाईल. ते जुन्या वस्तू काचेच्या कपाटात मांडतात आणि दिवाळीला पुसतात.

निघताना मी तिच्याकडून एक कबूल करून घेतलं होतं. हाताचं माहेरी कोणाला सांगायचं नाही.

बडनेरा

स्टेशनावर दिलीप घ्यायला आला होता. दिलीप शैलाचा धाकटा भाऊ, अमरावतीच्या कोर्टात वकील. उंच, रुंद खांद्यांचा माणूस, आवाज असा की साक्षीदार आपोआप खरं बोलत असावेत. त्याने आधी माझी बॅग घेतली, मग गळ्यातल्या कॅमेऱ्याला हात घातला. मी पट्टा घट्ट धरला.

"सोडा ना भाऊजी," तो म्हणाला, "जवाईच्या हाती वझं नाई देत आमच्याकडं."

तेहतीस वर्षांत हा रिवाज माझ्या कानावर आला नव्हता. पण जावयाचे लाड जिथे वाढत असतील तिथे त्यांना अडवू नये असं माझं धोरण आहे. कॅमेरा मी दिला नाही, होल्डरांची पिशवी दिली.

घरी सुनंदावहिनींनी, म्हणजे दिलीपच्या बायकोने, चहा आणला तो अर्धा कप. वऱ्हाडात चहा बशीत सांडल्याशिवाय पाहुण्याला पोचत नाही हे मला चांगलं ठाऊक, त्यामुळे मी चकित झालो. मग वाटलं, पुण्याचा माणूस म्हणून पुण्याचं माप ठेवलं असेल. मला ते सोयीचंच होतं, कारण भरलेला कप मी डाव्या हाताने तोंडापर्यंत नेतो आणि कोणी विचारलं तर खांदा अवघडल्याचं सांगतो. इथे कोणी विचारलं नाही. जेवायला ओल्या तुरीच्या सोल्यांची वांगं घालून केलेली भाजी होती, ज्वारीची भाकर आणि वरून कच्चं तेल. पुण्यात आम्ही तूर वाळून डाळ झाल्यावरच ओळखतो. इथे ती हिरवीगार असतानाच ताटात येते, आणि तिला किंचित मातीचा, किंचित दुधाचा वास असतो. मी तीनदा घेतली.

इतवारा

सकाळी आठला आम्ही इतवारा बाजारात होतो. संत्र्यांचे ढीग लागत होते. खाली तणस, वर संत्री, आणि त्यांच्यावर तिरपं ऊन पडून साऱ्या गल्लीला आतून दिवा लावल्यासारखा उजेड आला होता. थंडीमुळे धुरकं होतं. त्या धुरक्यातून हातगाड्या, सायकली, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया कुठलाच आवाज न करता येत होत्या असं मला आता आठवतं. आवाज असणारच. आठवणीतून तेवढा गळून गेला आहे.

रस्त्यावरचा फोटो गुपचूप काढायचा असतो. दिलीपला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला की तो कोर्टातल्या आवाजात पुकारा करी, "कोनी हलू नोका, फोटू काढून राह्यले." त्यासरशी अर्धा बाजार हात शरीराला चिकटवून ताठ उभा राही. वर तो माझ्या मागे, अगदी कोपराला कोपर लावून उभा. म्हणे गर्दीत कोणाचा धक्का लागायला नको. मला त्याचा भयंकर राग येत होता. पण मेहुण्यावर रागावायचं तर त्याच्या घरची सोल्यांची भाजी खाऊन कसं रागावणार.

मोर्शीकडची एक बाई संत्र्यांचा ढीग रचत होती. पन्नाशीची, हिरवं लुगडं, वरून पुरुषाचा स्वेटर. तिने कॅमेऱ्याकडे बघितलं आणि विचारलं की यात किती फोटो बसतात. मी म्हटलं, एका वेळी एकच.

"एवढा मोठा डब्बा, अन् फोटू एकच?" ती म्हणाली. "दहा काढत असते तं एखांदा बरा निंगाला असता. एकात तं मलेच बरं दिसा लागन."

तिने लोट्यातल्या पाण्याने तोंड धुतलं, पदराने पुसलं, स्वेटर काढून घडी करून मागे ठेवला, आणि बसली. हसली नाही. कॅमेऱ्याच्या खिडकीत ती एक बाई दोन दिसत होती, मी त्या दोघी एकत्र आणल्या, आणि त्या क्षणी तिने माझ्याकडे असं बघितलं की मला कॅमेऱ्यामागून बाहेर येऊन नमस्कार करावासा वाटला. मोबाइलच्या फोटोला कोणी असं बघत नाही. एकच आहे म्हटलं की माणूस आपलं सगळं गोळा करून त्याच्यासमोर ठेवतो. निघताना तिने चार संत्री दिली, तीही दिलीपनेच पुढे होऊन घेतली.

मग आम्ही परकोटाच्या कडेकडेने हिंडलो. काळ्या दगडाची ती भिंत, तिला टेकून उभी राहिलेली दुकानं, वर वाळत घातलेल्या गोधड्या. एका जागी गिला वडा खाल्ला. दह्यात बुडवलेला, वरून दोन चटण्या. त्यातली लाल चटणी कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर सांडली आणि पुढचे चार दिवस माझ्या डाव्या हाताला आमचूर-मिरचीचा वास येत होता. छत्र्या दुरुस्त करणारा एक म्हातारा, भिंतीतल्या खिडकीत, म्हणजे लहान दरवाजात, बसून पेपर वाचणारे दोघं, एका दाराशी कणीक मळत बसलेली मुलगी. दुपारपर्यंत सहा शीट झाली. प्रत्येक वेळी श्वास रोखला, कोपर बरगडीत रुतवलं, आणि प्रत्येक वेळी बटण दाबताना हाताने आपलं तेच केलं. तरी त्या बाईच्या वेळी तो जरा थांबला होता असं मला वाटत होतं. आशा मी सगळी त्या एका शीटवर ठेवली होती.

सरळ केलेले होल्डर

होल्डरच्या सरकत्या पट्टीची एक कड पांढरी असते आणि मागची काळी. पांढरी कड बाहेर म्हणजे आतलं शीट कोरं. फोटो काढला की पट्टी उलटी घालायची, काळी कड बाहेर. या धंद्यातली ही साधी खूण आहे. बरेच जण शिवाय वहीत नोंद करतात, पण मी तीस वर्षांचा जुना माणूस, मला वही कशाला? तर, दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याला निघण्याआधी मी पिशवी उघडली आणि बाराच्या बारा कडा पांढऱ्या.

दिलीप शेजारी बसून दाढी करत होता. मी विचारलं, याला कोणी हात लावला का? तो म्हणाला, "हाव, मीनंच. अर्धे काळे दिसत होते, अर्धे पांढरे. म्हटलं गाडीत हालले असतीन. काल संध्याकाळी एकसारके करून ठेवले."

आयुष्यभर पक्षकारांचे कागद कोपऱ्याला कोपरा लावून ठेवणारा माणूस तो. त्याने ओसरीत ट्यूबलाइटखाली बसून सहा पट्ट्या एकेक करून बाहेर उपसल्या होत्या, फिरवल्या होत्या आणि नीट परत घातल्या होत्या. पट्टी उपसली की शीटवर उजेड पडतो. मोर्शीची बाई, छत्रीवाला, कणीक मळणारी मुलगी, सगळे त्या ट्यूबलाइटमध्ये जळून गेले होते. आणि आता बारांतली कुठली सहा जळलेली आणि कुठली सहा कोरी, हे ओळखायला काही मार्ग नव्हता.

मी पिशवी मिटली. अर्धा कप चहा घेतला. सांगावंसं वाटत होतं, पण त्याने पिशवीची नाडी इतक्या व्यवस्थित बांधली होती की राहू दिलं.

जठारपेठ

अकोल्यात दिलीपची मुलगी मेघा आणि जावई प्रफुल्ल जठारपेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतात. प्रफुल्ल शाळेत गणित शिकवतो. आम्ही पोचलो तेव्हा तो खालून गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन चढत होता. ते ठेवून तो पुन्हा उतरला आणि दिलीपची बॅग घेऊन आला. मग दिलीपने तेल्हाऱ्याच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणलेलं ओल्या तुरीच्या शेंगांचं पोतं आणायला तिसऱ्यांदा उतरला. दिलीप गॅलरीत खुर्चीवर बसून त्याला पोतं कुठे ठेवायचं ते सांगत होता.

मी दिलीपला विचारलं की प्रफुल्ल जावई नाही का?

"आहे ना."

"मग त्याच्या हाती वझं कसं चालतं?"

दिलीपने रस्त्याकडे बघितलं.  मग तो हळू आवाजात म्हणाला, "असा काई रिवाज नाई भाऊजी आमच्यात. ताईचा फोन आल्ता. म्हने, त्याइच्या हातातून काई पडलं तं त्याइले लाज वाटन. तुमी पयलेच उचला."

अर्धा कप, कोपराला लागून असलेलं त्याचं कोपर, त्याने पुढे होऊन घेतलेली संत्री, सगळं एका दमात माझ्या लक्षात आलं. दोन दिवस हे घर माझ्याभोवती गादी अंथरत हिंडत होतं आणि मी त्याला जावयाचा मान समजून छाती काढून चालत होतो. मला इतकं ओशाळं वाटलं की मी चिडलो. ओशाळलो की मी चिडतोच. मी त्याला म्हणालो की मला सांभाळायला निघालास आणि माझे सहाच्या सहा फोटो जाळून ठेवलेस, आता एकही चांगला आला नाही तर कॅमेरा जाणार, ते तुझ्या नावावर. पट्ट्यांचं सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता.

दिलीप ऐकून घेत होता. मग उठला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला.

मी शैलाला फोन लावला आणि विचारलं, सांगितलंस ना? ती म्हणाली, हो, सांगितलं, आणि पुन्हा सांगेन.

एकटा

त्या दुपारी मी पिशवी स्वतःच खांद्याला लावली आणि एकटा निघालो. हिशेब सोपा होता. बाराही शीटवर फोटो काढायचे. त्यांतले सहा कशावरच उमटणार नव्हते, सहा उमटणार होते, आणि कुठले ते मला घरी जाऊनच कळणार होतं.

एवढं विचित्र आणि एवढं मोकळं हिंडणं मी कधी हिंडलो नव्हतो. मोर्णा नदीच्या पुलावर म्हशी परतत होत्या, त्यांच्या पाठी उन्हाने तांबूस झाल्या होत्या. मी थांबलो, दोन पुलांचा एक पूल केला, बटण दाबलं, आणि पुढे निघालो. हा फोटो झाला की नाही? माहीत नाही. एका गल्लीत सायकलीवर आरसा बांधून नेणारा माणूस दिसला. त्याच्या आरशात आकाश, घरं, एक पतंग आणि ओझरता मी. दाबलं. जुन्या शहराच्या चढावर एका घराच्या निळ्या दारात निळ्याच ओढणीतली बाई उभी होती, दार कुठे संपतं ते कळत नव्हतं. दाबलं. थोड्या वेळाने मला फरक पडेनासा झाला. बघत होतो तेच पुष्कळ वाटू लागलं. कधी कधी पट्टी उपसायच्या आधीच वाटे की झालं, काढला, आता चला.

अकोल्यात परक्याला कोणी हटकत नाही, पण कोणी सोडतही नाही. पुण्यात कॅमेरा बघून लोक परवानगी आहे का विचारतात. इथे एकाने मला बसायला स्टूल आणून दिलं आणि शेजारी उभा राहून म्हणाला की काढा निवांत, मी गाड्या थांबवतो. त्याने खरंच दोन रिक्षा थांबवल्या. एका आजींना वाटलं मी नळाच्या मोजणीला आलो आहे, त्यांनी मला घरातली गळणारी तोटी दाखवली. मी ती बघितली आणि गळते आहे हे कबूल केलं.

उन्हं कलेपर्यंत अकरा फोटो झाले. शेवटच्या दोनांच्या वेळी हात इतका हलत होता की खिडकीतली दोन माणसं एक व्हायला तयारच नव्हती. मी भिंतीला टेकून बसलो आणि उजवा हात डाव्यात धरून ठेवला. खरं सांगायचं तर त्या वेळी मला कपाटवाल्या गृहस्थांचा दिवाणखाना स्पष्ट दिसत होता. मनात आलं, दिलीप मागे असता तर बरं झालं असतं. आणि तसं मनात आल्याचा पुन्हा राग आला.

बारावं शीट

सकाळी मी उठलो तेव्हा दिलीप बूट घालून गॅलरीत बसला होता. त्याने पिशवीला हात लावला नाही. मी बाहेर आलो, उभा राहिलो, मग पिशवी त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली. आम्ही जुन्या शहराकडे चालत गेलो.

तिथे एक गाद्यांचं दुकान आहे. दोन पायऱ्या उतरून आत जायचं, आत अंधार, आणि मागच्या भिंतीतल्या एका झरोक्यातून उन्हाचा झोत जमिनीपर्यंत आलेला. त्या उन्हात एक म्हातारे चाचा काठीने कापूस झोडत बसले होते. यंत्र शेजारी होतं, पण म्हणाले, जुन्या गिऱ्हाइकांच्या गाद्या ते हातानेच करतात. काठी पडली की कापूस वर उठे आणि उन्हात येऊन थांबे. खाली यायला त्याला इतका वेळ लागे की तोवर दुसरा उठलेला असे. सगळं दुकान त्या पांढऱ्या तरंगण्याने भरलं होतं. चाचांच्या भुवया पांढऱ्या होत्या, त्या वयाने की कापसाने हे सांगता येत नव्हतं.

मी उजेड मोजला. एवढ्या अंधारात भिंगाचा पडदा सेकंदाचा दहावा भाग तरी उघडा ठेवायला हवा होता. धडधाकट माणसाच्या हातूनही इतक्या वेळात फोटो हलतो. माझ्या हाताला तो एक जन्म होता. माझ्याजवळ एकच शीट उरलं होतं आणि ते जळलेलं असण्याची शक्यता निम्मी होती. मी चाचांना म्हटलं, जरा थांबता का?

"रुई काही थांबत नाई साहेब," ते म्हणाले. "तुमीच थांबा."

मी कॅमेरा वर उचलला, खाली घेतला, पुन्हा उचलला. दिलीप माझ्याकडे बघत नव्हता. मुद्दाम झरोक्याकडे बघत होता. तेहतीस वर्षांत मी या माणसाकडे जेवणाखेरीज काही मागितलं नव्हतं, आणि जेवणही न मागता मिळत होतं.

मी म्हणालो, "दिलीप, तुझा खांदा दे."

तो काही न विचारता खालच्या पायरीवर जाऊन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मी वरच्या पायरीवर. त्याच्या उजव्या खांद्यावर, मानेजवळ, कॅमेरा ठेवला आणि दोन्ही हातांनी धरला. माझा हात थरथरत होताच, ती थरथर त्याच्या खांद्यात उतरून कुठेतरी मुरून जात होती. खिडकीत दोन चाचा दिसले. चाक फिरवलं, दुसरे चाचा कापसातून चालत आले आणि पहिल्यांच्या जागी बसले. मी श्वास रोखला. दिलीपचाही श्वास थांबलेला मला तळहाताला कळला. काठी पडली, कापूस उठला, मी दाबलं.

नंतर चाचांनी चहा मागवला. कप काठोकाठ भरून आला. मी तो उजव्या हाताने घेतला, अर्धा बशीत सांडला, आणि बशीतला प्यालो. दिलीपही बशीतलाच प्याला.

पुणे

मी न्हाणीघराच्या फटी बुजवून तिथेच शीट धुतो. बारावं शीट रुमालात गुंडाळून वेगळं आणलं होतं, ते शेवटी धुवायचं ठरवलं. आधीची अकरा एकेक करून बाहेर आली. सहा डांबरासारखी काळी. मोर्शीची बाई त्यांतल्याच एकात आहे, आता ती फक्त या लिहिण्यात उरली. पाचांवर अकोला उमटलं होतं, आणि पाचही हललेली. म्हशींचा पूल, निळं दार, सगळं आहे, पण झोपेतून डोळे किलकिले करून बघावं तसं. मला ती वाईट वाटत नाहीत. पण करार करार असतो.

सहा काळी आधीच येऊन गेली होती, म्हणजे बारावं जळलेलं नव्हतं. हे लक्षात आल्यावर माझा हात इतका हलायला लागला की ताटलीतलं पाणी सांडलं. शैलाने येऊन ताटली धरली.

शीट वाळल्यावर तिने भिंग घेतलं आणि खिडकीशी जाऊन बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. चाचांच्या भुवयांतला केस न् केस वेगळा होता. काठी आणि कापूस हलले होते, ते हलायलाच हवे होते. डाव्या कडेला एक मोठा, गोल, धूसर आकार आला होता.

"हा दिल्याचा कान," शैला म्हणाली.

मी तिला खांद्याचं सगळं खरं सांगितलं आणि म्हटलं, आता तूच ठरव. ती म्हणाली की तिने तिपाई लावायची नाही एवढंच म्हटलं होतं, आणि तिचा भाऊ दोन पायांचा आहे. मोठी प्रिंट करताना कान सहज कापता आला असता. छापखान्यात तीस वर्षं मी रेघेबाहेरचं सगळं कापतच आलो. हा ठेवला.

रविवारी दिलीपचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, थंडीचं बोलला, मग विचारलं, किती निघाले? त्याच्या आवाजात कोर्ट नव्हतं.

मी म्हटलं, "एकच निघाला. चाचांचा. तुझ्या कानासकट."

 मागे सुनंदावहिनी कोणाशी तरी बोलत होत्या, कुकरची शिट्टी झाली.

"म्हंजे," दिलीप म्हणाला, "मी हाललो नाई."